डोक्यातली रात्रपाळी

आई परिचारिका होती. रात्रपाळी करून सकाळी घरी आली की आधी चहा, आणि मग स्वयंपाकाला लागायची. आमटीत मीठ घातलं का, हे ती दोनदा विचारायची. एरवी हसण्यावारी नेली असती अशा गोष्टीवरून तिचे डोळे भरून यायचे. जागरणाने चिडचिड होते, एवढंच आम्हाला कळायचं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलो असतानाही शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो. पेशींतल्या तंतुकणिका ही ऊर्जा एटीपीच्या रूपात पुरवतात. एटीपी खर्ची पडता पडता ॲडेनोसिन साचत जातं आणि डोळे जड होतात. चहातलं कॅफीन ॲडेनोसिनची बसायची जागा फक्त अडवून धरतं. तरतरी येते, साचलेलं तिथेच राहतं.

इतर टाकाऊ द्रव्यांचं काय? अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१२मध्ये उंदरांत एक वाट दाखवली. मेंदूभोवतीचं पाण्यासारखं द्रव धमन्यांच्या कडेकडेने आत शिरतं, पेशींमधल्या फटींतून झिरपतं आणि टाकाऊ प्रथिनं घेऊन बाहेर पडतं. आपल्या शरीरात हे द्रव रोज सुमारे अर्धा लिटर तयार होतं. झोपलेल्या उंदरांत या फटी सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावतात, असं याच गटाने २०१३मध्ये मांडलं.

मला सर्वांत भावतो तो २०१९चा बॉस्टनमधला प्रयोग. माणसं एमआरआय यंत्रात झोपली होती. गाढ झोपेत मेंदूत विजेची एक संथ लाट उठायची, पाठोपाठ रक्त थोडं ओसरायचं आणि त्या रिकाम्या जागेत द्रवाची लाट आत यायची. साधारण वीस सेकंदांनी पुन्हा तेच.

वाद मिटलेला नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांना २०२४मध्ये उंदरांत उलटच दिसलं: झोपेत निचरा मंदावतो. या निचऱ्याचा उदासीशी थेट संबंधही अजून सिद्ध झालेला नाही. पण झोप आणि मन यांचं नातं पक्कं आहे. ब्रिटनमधल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवरच्या २०१७च्या चाचणीत, ज्यांच्या निद्रानाशावर उपचार झाले त्यांचे संशय, भास, चिंता आणि नैराश्यही कमी झालं. मन बिघडलं म्हणून झोप उडते, हे आपण धरूनच चालतो. झोप उडाली म्हणूनही मन बिघडतं, हे घराघरांत पोचायला हवं, आणि रात्रपाळ्यांचे तक्ते आखणाऱ्यांपर्यंत तर नक्कीच.

निवृत्तीनंतरही कित्येक महिने आई रात्री दोन वाजता दचकून उठायची. आता उठत नाही. कधी मी पाणी प्यायला उठलो, तर अंधारात तिचा संथ श्वास ऐकत क्षणभर दारात थांबतो, आणि नकळत वीसपर्यंत मोजतो.