दहा रुपयांवरचं गुप्तधन

गुप्तधनावर नाग राखण करतो, पायाळू माणसाला ते दिसतं, अशा गोष्टी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. पण गुप्तधनाचा एक कायदाही आहे. तो १८७८ सालचा असून आजही लागू आहे, आणि तो वाचताना मला त्या गोष्टींपेक्षा जास्त नवल वाटतं.

जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, की काय, किती, कुठे आणि कधी सापडलं हे कलेक्टरला लेखी कळवायचं. ऐवज सरकारी तिजोरीत जमा करायचा, नाहीतर मागाल तेव्हा हजर करीन म्हणून तारण द्यायचं. दहा रुपये! आज तेवढ्यात टपरीवरचा चहा येतो. पण तेव्हाचा रुपया चांदीचा होता, साधारण साडेअकरा ग्रॅम वजनाचा. दहा रुपये म्हणजे शंभर ग्रॅमहून जास्त शुद्ध चांदी. रुपयातली चांदी केव्हाच गेली, कायद्यातला आकडा मात्र जागचा हलला नाही.

वर्दी मिळाली की कलेक्टर जाहीर नोटीस काढतो आणि दावेदारांना बोलावतो. त्यासाठी किमान चार महिन्यांची मुदत. कोणी पुढे येऊन ‘हे माझ्या आजोबा-पणजोबांनी पुरलं होतं’ म्हणाला आणि धन शंभर वर्षांच्या आत पुरलेलं असेल असं कलेक्टरला वाटलं, तर त्या माणसाला दिवाणी कोर्टात हक्क शाबीत करायला वेळ मिळतो. घरातल्या कुणी परसात पुरलेली पुरचुंडी तीन-चार पिढ्या घरच्यांचीच राहू शकते, हे त्या काळच्या सरकारने मान्य केलं होतं.

दावेदार नसेल तर वाटणी. जमीनमालकाशी आधी काही ठरलेलं नसेल, तर ज्याला धन सापडलं त्याचे तीन हिस्से आणि मालकाचा एक. म्हणजे दुसऱ्याच्या शेतात विहीर खणणाऱ्या मजुराच्या कुदळीला हंडा लागला, तर बारा आणे त्याचे! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शोधणाऱ्याला सहावा हिस्सा आहे, आणि तो नोकर असेल तर बारावा. परक्या राजवटीचा हा कायदा मजुराच्या बाबतीत इतका उदार असेल, अशी माझी कल्पनाच नव्हती.

मला सर्वांत आवडतं ते सोळावं कलम. ऐवज सरकारला स्वतःकडे ठेवायचा असेल, तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यायचा. आता सोनाराकडे नाणी नेली तर काय होतं ते बघा. तो वजन करतो, धातूचा भाव देतो आणि नाणी मुशीत जातात. सरकार त्याहून पाचवा भाग जास्त देणार, म्हणजे नाणं न वितळवण्यातच फायदा.

वितळल्यावर काय हरवतं, ते नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीने दाखवलं. १९०६ साली तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे पुन्हा मारले होते. काहींवर त्या ठशांखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. सातवाहनांनी क्षहरातांना, म्हणजे नहपानाच्या घराण्याला, उखडलं, असं नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. नाण्यांनी त्याची साक्ष दिली. हा हंडा मुशीत गेला असता तर उरली असती फक्त पंचवीसेक किलो चांदी.

अर्थात, कायद्याला दातही आहेत. वर्दी दिली नाही तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय हिस्सा सरकारजमा. तरी लोक धन लपवतात. २०२१ साली पिंपरी-चिंचवडमध्ये पोलिसांनी २१६ सोन्याच्या मोहरा हस्तगत केल्या. त्या मजुरांना खोदकामात सापडल्या होत्या आणि घरात दडवून ठेवलेल्या होत्या. दुसरीकडे मांत्रिकांचे प्रकारही थांबेनात, म्हणून महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. बारा आण्यांचं ते कलम गवंड्यांपर्यंत, बिगाऱ्यांपर्यंत, विहीर खणणाऱ्यांपर्यंत कुणीतरी पोचवायला हवं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ते चार ओळींत मावेल.