छोटी खरेदी झाली म्हणून गेमचा मोठा भाग चालेलच का?

बमरोली (सुरत) : पांडेसरा-बमरोली पट्ट्यात लूमच्या कामासाठी धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली अनेक मराठी कुटुंबं राहतात. इथल्या पोरांच्या मोबाइलमध्ये बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स असतोच. गेम फुकटचा, पण त्यातला ड्रेस, बंदुकीचा रंग पैशाचा. यूपीआयवरून आज पन्नास जातात, उद्या शंभर. हीच पोरं मोठी होऊन कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशनकडे वळली की मागणी बदलते. तिथे गेमसोबत ‘सीझन पास’ विकतात. म्हणजे पैसे आज द्या, पुढचे भाग तयार झाले की मिळतील. ते भाग किती मोठे असतील आणि येतील की नाही, हे कंपनी आधीच्या छोट्या विक्रीकडे बघून ठरवते का, हा प्रश्न म्हणून घरातल्या पैशांशी येऊन भिडतो.

आधी दोन शब्द स्पष्ट करू. डाउनलोड करायची छोटी भर, म्हणजे कपडे, गाडी, एखादं हत्यार, हे अ‍ॅड-ऑन. नवा प्रदेश, नवी कथा, पंधरा-वीस तासांचा खेळ, हे एक्सपान्शन.

अ‍ॅड-ऑनची सगळ्यात गाजलेली गोष्ट घोड्याच्या चिलखताची. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या गेमसाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला काढलं. त्याचा उपयोग जवळपास दिसण्यापुरताच. जगभर टिंगल झाली, तरी लोक घेत राहिले. मार्च २००७ मध्ये याच गेमचं ‘शिव्हरिंग आयल्स’ हे एक्सपान्शन आलं, किंमत ३० डॉलर, आणि त्याचं कौतुक झालं. मग चिलखत घेणाऱ्यांनीच मोठ्या भागाची चाहूल दिली, असं म्हणायचं का?

इथे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं गणित कामाला येतं. आकडे फक्त समजण्यासाठी घेऊ. समजा एका गेमचे १ लाख खेळाडू आहेत. त्यातल्या १० हजारांनी छोटी वस्तू घेतली. पुढे मोठा भाग आला, तेव्हा या १० हजारांपैकी ४ हजारांनी तो घेतला, म्हणजे ४० टक्के. छोटी वस्तू न घेतलेल्या ९० हजारांपैकी १८ हजारांनी घेतला, म्हणजे २० टक्के. छोटं घेणारा माणूस मोठं घेण्याची शक्यता दुप्पट, हे खरं. पण एकूण २२ हजार गिऱ्हाइकांपैकी १८ हजार असे निघाले, ज्यांनी आधी एक रुपयाही टाकला नव्हता. फक्त छोट्या विक्रीवरून अंदाज बांधणाऱ्या कंपनीला हे लोक दिसलेच नसते.

सुरतेच्या कापड बाजाराला हा फरक वेगळा सांगायची गरज नाही. नव्या डिझाइनचा छोटा लॉट बाजारात टाकला आणि तो उठला, तर मोठा माल काढायला हरकत नसते, कारण कापड तेच, डिझाइन तेच. पण लेस आणि फॉल जास्त खपले म्हणून अमुक साडी चालेल, असं कोणी व्यापारी म्हणणार नाही. गेममधले कपडे ही लेस आहे. दोन तासांची छोटी कथा विकली आणि लोकांनी ती शेवटपर्यंत खेळली, तर तो सॅम्पल झाला. त्यावरून अंदाज थोडाफार खरा निघू शकतो.

उलट उदाहरणंही ठसठशीत आहेत. ‘एल्डन रिंग’ या जपानी गेमला मोठ्या भागाआधी पैसे घेऊन विकलेलं छोटं अ‍ॅड-ऑन नव्हतंच. तरी २१ जून २०२४ ला आलेल्या ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’च्या तीन दिवसांत ५० लाख प्रती गेल्या. मूळ गेमच्या तेव्हा अडीच कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या आणि लोकांना पुढचं हवं होतं, एवढं पुरलं. ‘सायबरपंक २०७७’चं त्याहून गमतीचं. डिसेंबर २०२० मध्ये गेम इतक्या चुकांसकट आला की सोनीने तो काही महिने आपल्या दुकानातून काढून टाकला. २०२१ मध्ये दोन जॅकेटं आणि एक गाडी अशी फुकट भर दिली, त्यावर लोक हसले. पुढे कंपनीने मूळ गेम दुरुस्त केला, आणि सप्टेंबर २०२३ मधल्या ‘फँटम लिबर्टी’च्या त्या वर्षअखेरपर्यंत ५० लाख प्रती गेल्या. त्या जॅकेटांवरून अंदाज बांधला असता, तर हा भाग काढायची हिंमतच झाली नसती.

आणि आता जीटीए, जो इथल्या बहुतेक पोरांना तोंडपाठ आहे. जीटीए ४ ला २००९ मध्ये दोन मोठे भाग मिळाले. जीटीए ५ सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि त्याच वर्षी रॉकस्टारने कथेचा नवा भाग २०१४ मध्ये येईल असं सांगितलं. तो कधीच आला नाही. मधल्या काळात जीटीए ऑनलाइनमध्ये खेळातले पैसे खऱ्या पैशांनी विकायची ‘शार्क कार्डं’ जोरात चालली. २०१७ मध्ये कंपनीकडून सांगण्यात आलं की ऑनलाइन आणि इतर कामं पाहता एकट्याने खेळायचा मोठा भाग करणं शक्य आणि गरजेचं वाटलं नाही. म्हणजे इथे छोट्या विक्रीने मोठ्या भागाची चाहूल दिली नाही, त्याची जागाच घेतली. थोडं थोडं करून तेवढेच पैसे येत असतील, तर दोन-तीन वर्षं खपून एक्सपान्शन कोण बनवणार?

त्यामुळे पोरगं दिवाळीच्या बोनसमधून सीझन पास मागत असेल, तर पासच्या पानावर काय काय मिळणार याची यादी असते, ती आधी वाचावी. त्यात कथेचे भाग किती, कपडे किती, तारीख दिली आहे की नुसतं ‘लवकरच’ लिहिलंय, हे बघावं. स्टीमवरून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. अ‍ॅड-ऑनलाही मुदत १४ दिवसांचीच, पण ते घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा जास्त खेळलेला चालत नाही.