डक्टचे सांधे आणि घागरभर पाणी



फाल्गुन संपून चैत्र लागला कीं छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, गच्च्यागच्च्यांवरील कूलर झाडूनपुसून सिद्ध होऊं लागतात. त्यांच्या गवताच्या जाळ्या बदलल्या जातात, पंप चालतो कीं नाहीं हें पाहिलें जातें, पंख्याला तेल मिळतें. एका वस्तूकडे मात्र कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. ती वस्तु म्हणजे गच्चीवरील कूलरपासून खालच्या खोल्यांपर्यंत गार हवा वाहून आणणारा जस्ती पत्र्याचा मार्ग; त्यालाच आपण सर्वजण डक्ट म्हणतों. पुढें मे महिन्यांत 'यंदा कूलर काम देत नाहीं' अशी तक्रार सुरू होते आणि घरांतील मंडळी अधिक मोठें यंत्र घेण्याच्या गोष्टी बोलूं लागतात. आज मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, पुष्कळदां दोष यंत्राचा नसतो. तो सांध्यांचा असतो.

कूलर हवा गार करतो तो पाण्याच्या जोरावर. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते आणि ती हवेंतूनच घेतली जाते. माठांतील पाणी गार होतें तें याच न्यायानें. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. आपल्याकडील उन्हाळा कोरडा, म्हणून ही युक्ति येथें उत्तम साधते. समजा, दुपारीं हवेचें तपमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के आहे. अशा वेळीं ओलें फडकें गुंडाळलेला तापमापक सुमारें २२ अंश दाखवितो. चांगला कूलर या १८ अंशांच्या अंतरापैकीं सुमारें चार पंचमांश अंतर तोडतो, म्हणजे २६ अंशांच्या आसपासची हवा डक्टमध्यें सोडतो. परंतु ती सर्व हवा खोलींत पोंचते काय?

अमेरिकेंत घरोघर डक्ट असतात. तेथील सरकारच्या 'एनर्जी स्टार' योजनेच्या माहितीप्रमाणें, सामान्य घरांत डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकीं २० ते ३० टक्के हवा फटींतून व सैल सांध्यांतून वाया जाते. आपण आपल्यापुरता हिशेब करूं. एखादा कूलर तासाला ५,००० घनमीटर हवा फेंकीत असेल, तर ती १४ अंशांनीं गार करण्यास तासाला सुमारें ३० लिटर पाणी आटतें. त्यांतील चौथा हिस्सा गच्चीवरच गळला, तर आठ तासांत सुमारें ६० लिटर पाणी केवळ गच्चीवरच्या चिमण्यांना गारवा देण्यांत खर्च झालें! आणि हें पाणी कोणतें? सुमारें ५० किलोमीटर अंतरावरून, पैठणच्या नाथसागरांतून, पंपांनीं चढावर आणलेलें. ज्या शहरांत पाण्याची पाळी केव्हां येणार हें पाहून घरकामाची वेळ ठरवावी लागते, तेथें चार बादल्या पाणी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

वस्तुतः सांध्यांचें महत्त्व या नगराला नवें नाहीं. मलिक अंबरानें १६१० सालीं येथें खडकी वसविली आणि डोंगराकडचें पाणी जमिनीखालच्या नहरीनें वस्तींत आणलें. पाणचक्कीचें पाणीहि दुरून मातीच्या नळांतूनच येई. नहर असो वा डक्ट, वाटेंत जें गळलें तें शेवटच्या मुखाशीं पोंचत नाहीं. भेद इतकाच कीं, पाणी गळलें तर ओल दिसते. हवा गळली तर कांहींच दिसत नाहीं.

म्हणून गळती शोधण्याची रीति प्रथम सांगतों. संध्याकाळीं वारा पडला म्हणजे पंप बंद ठेवून केवळ पंखा चालवावा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू फिरवावी. धूर जेथें एकाएकीं दूर फेंकला जाईल, तेथें फट आहे असें समजावें व खडूनें खूण करावी. कूलरचें तोंड जेथें डक्टला मिळतें ती जागा, प्रत्येक वळण, दोन तुकड्यांची जोड आणि डक्ट जेथें भिंतींतून आंत शिरतो तेथील पोकळी, हीं चार ठिकाणें विशेष पाहावीं. गळती बहुधा येथेंच सांपडते.

आतां दुरुस्तीकडे वळूं. काम सकाळीं, पत्रा तापण्यापूर्वीं करावें. कूलरची वीज मुख्य बटणापासून बंद करावी आणि हातमोजे घालावे, कारण पत्र्याची कड सुरीसारखी कापते. जुन्या पट्ट्या, धूळ व गंज खरवडून काढून पृष्ठभाग पुसून कोरडा करावा. सैल सांधा आधीं पत्र्याच्या स्क्रूंनीं घट्ट आवळावा. हलणाऱ्या सांध्यावर कोणताहि लेप टिकत नाहीं. नंतर डक्टसाठीं मिळणारें मॅस्टिक, म्हणजे लुकणासारखा दाट लेप, ब्रशानें सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर पसरेल असें जाड लावावें. डक्ट उघड्यावर असेल, तर ऊनपाऊस सोसणारें मॅस्टिक मागून घ्यावें. फट मोठी असेल तर लेपांत कांचतंतूंची जाळीदार पट्टी बसवून वरून दुसरा हात द्यावा. लेप पुरता वाळेपर्यंत, निदान एक दिवस, पंखा चालवूं नये. भिंतींतील पोकळी मात्र सिमेंटनें अगर योग्य भरावानें बुजवावी.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. बाजारांत 'डक्ट टेप' या नांवानें कापडी पाठीची चिकटपट्टी मिळते आणि नांवावरून ती याच कामाची असावी असें वाटतें. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत १९९८ सालीं अशा पट्ट्यांची व लेपांची परीक्षा झाली, तेव्हां उष्णतेपुढें हार खाल्ली ती नेमकी या कापडी पट्टीनें. आपल्या गच्चीवरील वैशाखांतल्या पत्र्याला हात लावून पाहिल्यास याचें कारण निराळें सांगावें लागणार नाहीं. पट्टीच वापरावयाची झाल्यास डक्टकरितां बनविलेली अॅल्युमिनियमची घ्यावी.

सांधे बुजल्यावर, डक्टचा उन्हांतील भाग उष्णतारोधक आवरणानें झांकावा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. नाहीं तर गार हवा वाटेंतच तापते. कूलरच्या तोंडाशीं व खोलींतील जाळीशीं एकाच वेळीं तापमापक धरून पाहावा. दोहोंतील फरक जितका मोठा, तितकी उष्णता डक्ट वाटेंत घेत आहे.

शेवटीं एक गोष्ट. कूलर चालू असतां खोलीची एखादी खिडकी उघडी ठेवावी. वातानुकूलन यंत्राची संवय झालेलीं माणसें सर्व दारेंखिडक्या लावून घेतात. मग आंत आलेल्या हवेला बाहेर पडावयास वाट राहत नाहीं, खोलींत दमटपणा सांचतो, डक्टमध्यें दाब वाढतो आणि उरलीसुरली फटहि अधिक जोरानें गळूं लागते.

सारांश, मोठें यंत्र आणाल तर तें त्याच फटींतून अधिक हवा व अधिक पाणी बाहेर टाकील. त्यापूर्वीं एक उदबत्ती, एक डबा लेप आणि एक सकाळ एवढा खर्च करून पाहावा. घरांत गारवा तर येईलच. शिवाय वांचलेलें पाणी ज्या दिवशीं नळ येत नाहीं त्या दिवशीं स्वयंपाकघरांत उपयोगी पडेल.