प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल का अडकतो?

ऑनलाइन मुलाखत सुरू आणि स्क्रीनवर चेहरा गोठलेला! महागडा प्लॅन घेण्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड तपासा. तिथे पूर्ण स्पीड मिळाला, तर अडचण वायफायची आहे. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर असेल तर हलवा. धातू सिग्नल अडवतो. २.४ गिगाहर्ट्झ बँड भिंतीपलीकडे बरा पोहोचतो, पण इमारतीतल्या शेजाऱ्यांचे राउटरही त्यावरच असतात. चालू मायक्रोवेव्हही तिथेच लुडबुडतो! या बँडवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यातलं कमी गर्दीचं निवडा. राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झ वापरा. मुलाखतीपुरती केबलच जोडून ठेवली तर उत्तम.