मुंबई ते नागपूर: आठ तास नेमके कुठून मोजायचे?

नागपूरला घरचं लग्न निघालं की मुंबईत हिशेब सुरू होतो: गाडीनं आठ तास, विमानानं दीड तास. दोन्ही आकडे खोटे नाहीत. पण त्यातला एकही आपल्या दारापासून मोजलेला नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

समृद्धी महामार्ग मुंबईत सुरू होतो असं कित्येकांना वाटतं. त्याची ७०१ किलोमीटरची लांबी भिवंडी तालुक्यातल्या आमणेपासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतची आहे. दादरहून निघालात तर आमणे येईपर्यंत चाळीस-पन्नास किलोमीटर झालेले असतात, आणि ठाणे-भिवंडीत गर्दी लागली तर दीड-दोन तासही सहज जातात.

‘मर्यादा १२० ची आहे, म्हणजे सहा तासांत नागपूर’ हे मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. १२० हा कमाल वेग आहे, सरासरी नव्हे. घाटाच्या भागात तर मर्यादा १०० चीच आहे. कागदावर मांडून पाहा. ताशी १०० ची सरासरी राखली तर महामार्गाला सात तास लागतात. चहा-जेवणाचे नि पाय मोकळे करण्याचे मिळून दीड तास, वर दोन्ही टोकांचा शहरी रस्ता. दादर ते धरमपेठ दहा तास धरावेत. शंभरऐवजी एकशेवीसनं गाडी हाकली तर दर शंभर किलोमीटरमागे दहाच मिनिटं वाचतात. त्या दहा मिनिटांसाठी कुणी विश्रांती टाळू नये. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा कधी लागतो ते चालवणाऱ्याला कळतही नाही. उन्हाळ्यात प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना त्यांतली हवा तपासावी. कमी हवेचा टायर वेगात जास्त तापतो.

विमानाचं अंतर रस्त्याच्या निम्मं असेल, हाही समज पक्का आहे. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर ६९० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे समृद्धीच्या लांबीहून फारसं कमी नाही. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा कसाऱ्याच्या घाटाची वळणं टाळतो, आणि पुढचा रस्ताही बराचसा नव्यानं सरळ आखलेला आहे. भुसावळवरून जाणारा रेल्वेमार्ग मात्र ८३७ किलोमीटरचा आहे.

मग ताशी आठशेच्या वेगानं उडणाऱ्या विमानाला दीड तास का? तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालवता येत नाही. रांग लागते, कधी हवेत घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात, म्हणून नागपूरकडे जाताना विमान लवकर पोचतं नि परतताना जास्त वेळ घेतं. शिवाय सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते. घर ते घर साडेचार-पाच तास लागतात.

आणि दुचाकीवरून जाऊ म्हणणाऱ्या तरुणांसाठी: समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. त्यांना आजही जुन्याच रस्त्यानं, आठशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास करावा लागतो. मध्ये एक मुक्काम धरूनच निघावं.