शाळा मंडळापासून विधिमंडळापर्यंत : स्वाती दांडेकर

डब्लिन (कॅलिफोर्निया) : कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी येते. राष्ट्राध्यक्ष वा गव्हर्नरपदाच्या उमेदवारांकडे साऱ्यांचे लक्ष जाते. शाळा मंडळाची निवडणूक मात्र सहज नजरेआड होते. नागपूरच्या एका कन्येचा अमेरिकी राजकारणातील प्रवास नेमका या दुर्लक्षित पायरीपासून सुरू झाला.

स्वाती दांडेकर यांचा जन्म १९५१ साली नागपुरात झाला. १९७३ मध्ये त्या अमेरिकेत आल्या आणि आयोवा राज्यातील मॅरियन या गावी स्थिरावल्या. १९९६ मध्ये तेथील लिन-मार शाळा मंडळावर त्या निवडून आल्या. २००२ साली डेमोक्रॅटिक पक्षातर्फे त्यांनी राज्याच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढविली.

त्या प्रचारात प्रतिस्पर्धी उमेदवाराने त्यांच्या जन्मभूमीवरच बोट ठेवले. भारतात वाढलेली स्त्री अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेची मूल्ये कशी जाणणार, असा त्या आक्षेपाचा आशय होता. रिपब्लिकन पक्षानेही त्या विधानापासून स्वतःला दूर ठेवले. सहा वर्षे गावच्या शाळांचा कारभार पाहिलेल्या दांडेकर मतदारांना परक्या नव्हत्या. त्या विजयी झाल्या.

२००३ ते २००९ प्रतिनिधिगृहात आणि त्यानंतर राज्याच्या सिनेटमध्ये त्यांनी काम केले. २०११ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी त्यांना आयोवा युटिलिटीज बोर्डावर नेमले. त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला, तेव्हा २६ विरुद्ध २४ असे निसटते बहुमत असलेल्या त्यांच्याच पक्षाची सत्ता पणाला लागली. नोव्हेंबरमधील पोटनिवडणुकीत लिझ मॅथिस यांनी ती जागा राखल्याने बहुमत टिकले. २०१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उमेदवारीसाठी झालेल्या पक्षांतर्गत निवडणुकीत दांडेकर यांचा पराभव झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या काळात आशियाई विकास बँकेत अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून त्यांची निवड झाली.

या वाटचालीचा अर्थ डब्लिनच्या संदर्भातही लक्षात घेण्याजोगा आहे. येथील शाळा जिल्ह्याचा कारभार मतदारांनी निवडलेले विश्वस्त पाहतात, आणि कॅलिफोर्नियात या निवडणुका पक्षचिन्हाविना होतात. शाळांचे अंदाजपत्रक, अभ्यासक्रम आणि प्रशासकीय प्रमुखाची नेमणूक हे विषय त्यांच्या अखत्यारीत येतात. मुलांच्या शिक्षणाविषयी सदैव जागरूक असणाऱ्या मराठी पालकांना याहून जवळचे सार्वजनिक कार्यक्षेत्र क्वचितच सापडेल.

अर्थात त्यासाठी अमेरिकी नागरिकत्व आवश्यक असते, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्याने मायभूमीचे पारपत्र परत करावे लागते. हा निर्णय सोपा नाही. मात्र तो घेतल्यावर केवळ प्रवासाची सोय पदरात पाडून थांबायचे, की गावच्या कारभाराचा भारही उचलायचा, हा प्रश्न उरतो. दांडेकर यांनी त्याचे उत्तर एका शाळा मंडळाच्या बैठकीत बसून दिले.