वाली कोण?

“रात्री जागून कॉम्प्युटरवर करतेस तरी काय गं?” बदलापूर लोकलमधल्या मैत्रिणी मला हमखास विचारतात.

माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. ‘जीसीसी’ हा त्यातला नावाजलेला. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुला केला. ‘हायकू’ ही मात्र छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम. २००१ पासून ती मुख्यतः स्वयंसेवकांच्याच बळावर उभी आहे. जीसीसी तिथं चालावा म्हणून करावे लागणारे बदल म्हणजे ‘पोर्ट’. त्याच्या देखभालीला मी हातभार लावते.

उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांना विचारा, कापड बदललं की मशीनचा टाका पुन्हा जुळवावा लागतो. तसंच हे. जीसीसीची नवी आवृत्ती आली की सगळं पुन्हा तपासायचं. शिवाय जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ३२ बिटच्या हायकूत १९९९ चा जीसीसी २.९५ सुद्धा जपलाय.

पैसा? नाही. पण ज्या पोर्टला वाली उरत नाही, तो जीसीसीवाले आधी कालबाह्य ठरवतात आणि पुढच्या आवृत्तीतून चक्क काढून टाकतात!

तेव्हा मैत्रिणींनो, लेक अशा कामात रमली तर “मिळतं किती?” एवढंच नका विचारू. “चूक सापडली का गं?” असंही विचारा.